बैठक मोडायच्या आत

हाजी बुस्तामीच्या दाढीला अत्तराचा वास होता, जिभेला साखर होती, आणि या दोन्हींवर इनेन रुहदीचा काडीचा विश्वास नव्हता. चार वेळा मक्केला जाऊन आलेल्या या माणसानं तिथून काय आणलं असं कुणी विचारलं, तर ती सांगायची, "खजूर. आणि डोक्याचा रुमाल." रुमाल खरोखरच छान होता. त्याच्या खालच्या डोक्याबद्दल ती बोलत नसे, कारण बोलायला लागली की थांबत नसे.

उनिंग बेरुल गावात सगळ्यांच्याच कॉफीच्या बागा, आणि सगळ्यांच्या बागांवर एकटा बुस्तामी बसलेला. कॉफीचं लाल फळ झाडावरून उतरवलं की त्याच दिवशी गर काढावा लागतो, नाहीतर रात्रीत आंबतं. गर काढायचं चालू यंत्र गावात एकच, ते हाजीचं. मोजायचा डबाही हाजीचाच. त्या डब्याचा तळ आतून ठोकून ठोकून इतका बाहेर आला होता, की तो सपाट जमिनीवर ठेवला तर डुलायचा. अख्ख्या गावाला हे दिसत होतं. अख्खं गाव त्याच डब्यानं मोजून देत होतं आणि वर त्याच्याकडेच चहा पीत होतं. इनेन रुहदीला हाजीची चीड यायची, पण या गावाची किळस यायची.

तिचं स्वतःचं नाव आता कुणाला आठवतही नव्हतं. पहिलं मूल झालं की बाई त्या मुलाची आई होते, तशी ती रुहदीची आई झाली, इनेन रुहदी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाप गावाचा इमाम होता, आणि त्याला मुलगा नसल्यामुळे त्यानं व्यवहाराचे सगळे मसले, म्हणजे धर्मातले नियम, मुलीला शिकवले होते. दर शुक्रवारी दुपारी ती बायकांना त्याच नियमांचा किताब वाचून दाखवायची. पोरींनी जांभई दिली तर पुस्तक मिटून त्यांच्याकडे नुसती बघत बसायची. त्यापेक्षा शिव्या बऱ्या, असं पोरी म्हणायच्या.

यंदा हाजीनं नवीनच सोंग काढलं. आजवर तो झाडावरची हिरवी फळंच उचलायचा. बाग बघून, हंगामाच्या आधी, दोन पैसे टेकवून. ते धर्मात बसत नाही म्हणून जिल्ह्याहून ओरड झाली. तेव्हा हाजीनं जाहीर केलं की आता आपण 'सलम' करणार. म्हणजे आगाऊ खरेदी, पूर्ण किंमत आज, माल हंगामात, सगळं किताबाबरहुकूम. आणि ते बघायला जिल्ह्याचा अधिकारी येणार, फोटो निघणार.

"किताब त्यानं कधी उघडलाय?" इनेन रुहदी बायकांना म्हणाली. "पण उघडला नसला तरी बांधला जातोच. नीट ऐका. सलममध्ये माल उधार असतो, म्हणून पैसा उधार चालत नाही. दोघंही उधार, तर विकलं काय? वारा? पूर्ण किंमत हातात पडली पाहिजे, त्याच बैठकीत, घेणारा आणि देणारा एकमेकांपासून वेगळे व्हायच्या आत. जेवढी पडली तेवढ्याच मालाचा सौदा टिकला. राहिलेला मेला."

"आणि बैठक म्हणजे नेमकी कुठवर?" कुणीतरी विचारलं.

"दोघं सोबत आहेत तोवर. उठले, चालले, कोसभर गेले, तरी सोबत असतील तर बैठक चालूच."

बारा बायकांनी मिळून सौदा करायचं ठरवलं. फळ नव्हे, गर काढून वाळवलेलं बी द्यायचं, ही हाजीची अट. त्याचा हिशेब सरळ होता. बी द्यायचं तर गर त्याच्याच यंत्रावर काढून घ्यावा लागणार, म्हणजे एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. बायकांनी मान डोलावली. त्यांच्या मनात दुसरंच होतं. मशिदीच्या फाटकासमोर राहणाऱ्या अमन सेनीकडे एक जुनं यंत्र झाकून पडलं होतं. म्हातारा दम्यानं बेजार होता आणि सौद्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटेच्या गाडीनं कायमचा मेदान शहरात मुलाकडे निघणार होता. "सौद्याच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पैसे आणा, यंत्र तुमचं," तो म्हणाला होता. "नाही आणलेत तर जो येईल त्याला देईन. मला ते डोक्यावर घेऊन जायचं नाही." सलमची पूर्ण किंमत म्हणजे जवळजवळ त्या यंत्राचीच किंमत. हे बारा बायका आणि अमन सेनी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

सौद्याच्या दिवशी सकाळी मशिदीच्या अंगणात सतरंज्या पडल्या. अधिकारी आला, चष्मा पुसून बसला. हाजी नवा रुमाल बांधून आला. इमेम खालिदीनं दुआ म्हटली. हा इमेम म्हणजे गावाचा इमाम, तिच्या बापाच्या जागेवर बसलेला. मशिदीतला जाड गालिचा हाजीनं दिलेला होता आणि तो पसरल्यापासून इमेमच्या प्रवचनात डब्या-मापांचा विषय आलेला नव्हता.

पहिली चकमक डब्यावरूनच झाली. "माझ्या डब्यानं पन्नास डबे," हाजी म्हणाला.

"तुमच्या डब्याचं पोट किती, ते तुम्हाला आणि अल्लाला माहीत," इनेन रुहदी म्हणाली. "माप सगळ्यांना ठाऊक असलेलं लागतं. ताकेंगोनच्या बाजारातला सरकारी शिक्क्याचा डबा लिहा."

अधिकाऱ्यानं मान हलवली, हाजी गोड हसला, शिक्क्याचा डबा लिहिला गेला. बी कसलं, किती वाळलेलं, कुठल्या महिन्यात, कुठं आणून टाकायचं, सगळं लिहिलं. मग हाजीनं कशिद्याच्या काळ्या कापडात बांधलेलं गाठोडं दोन्ही हातांनी पुढे केलं. फोटो निघाले. टाळ्या पडल्या. "पूर्ण किंमत, आगाऊ!" असं हाजी अधिकाऱ्याच्या कानात पडेल एवढ्या मोठ्यानं म्हणाला.

इनेन रुहदीनं गाठोडं मांडीवर घेऊन तिथल्या तिथे गाठ सोडली. वरच्या थराखाली हात घातला. निम्मे होते.

हाजी वाकून कुजबुजला, "उरलेले पुढच्या जुम्म्याला. पाहुण्यांसमोर शोभा करू नका, इनेन."

ती ओरडली असती तर काय झालं असतं, हे तिला नेमकं ठाऊक होतं. अधिकाऱ्यानं मध्ये पडून 'बाकी नंतर' असा कागद केला असता, इमेमनं त्यावर आमीन म्हटलं असतं, आणि बारापैकी आठ बायकांनी माना खाली घातल्या असत्या. म्हणून ती ओरडली नाही. शिवाय या माणसाला घाम फुटलेला बघायची तिला फार वर्षांची हौस होती, हेही खरं. तिनं गाठ पुन्हा मारली.

"शोभा कशाला करू?" ती हळूच म्हणाली. "बैठक अजून मोडलेली नाही, हाजी. तुम्ही कुठं जाल तिथं मी आहे. द्याल तेव्हा द्या."

हाजी हसला. तो उठला, तीही उठली. तो इमेमशी बोलायला गेला, ती चार हातांवर उभी. तो गोदामात गेला, ती गोदामात. तेव्हा कुठं त्याचं हसू आखडलं.

"इनेन, तुम्ही विधवा बाई. परपुरुषाच्या मागं मागं फिरता, बरं दिसतं का? शरियतचे पहारेवाले धरून नेतील दोघांना."

"म्हणून तर अनन बेदाला आणलंय," ती म्हणाली.

तिच्या मागून अनन बेदा पुढे आली. पंच्याहत्तरीची म्हातारी, गावातल्या निम्म्या लोकांची आजी, गालात पान, आणि सोयीप्रमाणे बहिरी. "एकांत नाही रे होत," ती म्हणाली. "मी बसले की तिथं एकांत कसला? तुझ्या आईच्या बाळंतपणातसुद्धा मी होते. तेव्हाही असाच घामेजला होतास."

हमालांनी तोंडं फिरवली.

मग अख्खी सकाळ गावानं तमाशा बघितला. पुढे रुमालवाला हाजी, मागे काळं गाठोडं काखेत धरलेली इनेन रुहदी, तिच्या मागे काठी टेकत अनन बेदा. हाजी न्हाव्याकडे बसला, तर या दोघी समोरच्या बाकावर. हाजी लांबची वाट धरून तळ्याच्या अंगानं वळला, तर या दोघीही तळ्याच्या अंगानं. शेवटी परसात जाऊन तो काकुळतीला आला.

"संडासाला तरी जाऊ की नको?"

"जा की. मध्ये भिंत आली म्हणून बैठक मोडत नाही. पळालात तर मोडते," इनेन रुहदी म्हणाली आणि दाराशी उभी राहिली. अनन बेदानं मोठ्यानं अंगाईगीत म्हणायला सुरुवात केली. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही.

तिला मजा वाटत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं या माणसानं गावाला आपल्या मागे फिरवलं होतं. आज त्याच्या मागे कुणीतरी फिरत होतं आणि तो वळून वळून बघत होता.

दुपारी हाजीकडे अधिकाऱ्याचं जेवण होतं. तळ्यातल्या माशांचं आंबट-तिखट कालवण, वाफाळता भात, वाटीभर ठेचा. बायका आतल्या बाजूला बसल्या, पण मधलं दार सताड उघडं. इनेन रुहदीनं ते आपल्या पायानं उघडं धरलं होतं. ती जेवली नाही. अनन बेदा दोघींच्या वाटणीचं जेवली. हाजीची बायको, हाजा मरियाती, वाढता वाढता दोन्हीकडे बघत होती. अखेर ती नवऱ्याच्या कानाशी वाकली, पण तिला हळू बोलायची सवय नव्हती.

"आतल्या पेटीत आहेत की. देऊन टाका आणि सुटा. माझ्या पंगतीचा विचका होतोय."

हाजी थकला होता. पाय दुखत होते, गावानं दात काढलेले डोळ्यांसमोर होते, अधिकारीही आता चष्म्यावरून विचारल्यासारखा बघत होता. त्यानं हात धुतले. "आण," तो म्हणाला.

इथं इनेन रुहदीनं गप्प बसायचं होतं. पाच मिनिटं. तेवढंच काम उरलं होतं, आणि तेच तिला जमलं नाही. पेटीच्या किल्ल्या वाजल्या आणि तिच्या मनात वर्षानुवर्षं साठलेली सगळी तुच्छता एकदम जिभेवर आली.

"नीट मोजा हं, हाजी," ती दारातून म्हणाली. "असे मोजायचे दिवस आता थोडेच. पुढच्या हंगामात तुमच्या यंत्रावर कोळी जाळं विणतील. सूर्य मावळायच्या आत अमन सेनीचं यंत्र आमचं होणार. मग तो डुलता डबा घरी पाळणा म्हणून वापरा."

अनन बेदानं तिच्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी यावं.

हाजीचा हात पुसता पुसता थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा हळूहळू निघून गेला. तिथं पुन्हा साखर आली.

"राहू दे गं पेटी, मरियाती," तो म्हणाला. "आधी पाहुण्यांना भात वाढ. बैठक चालू आहे ना, इनेन? चालू द्या. घाई काय आहे?"

त्यानंतर घाम तिला फुटला. हाजी ओसरीत लोडाला टेकून बसला, अधिकाऱ्याला निरोप दिला, हमाल बोलावून पोती शिवून घेतली, सगळ्यांशी गोड बोलला. मध्येच आत जाऊन पेटी उघडून आला, ती उंबऱ्यापर्यंत मागे गेली. परत आला तेव्हा अंगरख्याचा खिसा फुगलेला होता. तिनं हात पुढे केला.

"हे दुसऱ्या कामाचे," तो म्हणाला.

कुठल्या कामाचे, ते विचारायची गरज नव्हती. तिला आता वेगळं होऊन चालणार नव्हतं आणि त्याला नेमकं वेगळंच व्हायचं होतं. वेगळे झाले की निम्मा सौदा आपोआप मेला, तिच्याकडे निम्मेच पैसे उरले, म्हणजे यंत्र हाजीचं. मग मेलेल्या निम्म्या सौद्याची कॉफीही गर काढायला त्याच्याच दारात येणार होती. हा नियम ज्या बाईनं गावाला शिकवला, तिच्याच गळ्यात तो येऊन पडला होता. आणि दोर तिनं स्वतःच्या तोंडानं वळला होता. त्या ओसरीत तिनं हाजीला जितकं हलकं लेखलं, त्याहून स्वतःला जास्त हलकं लेखलं.

असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची, अजान झाली. हाजीनं ताबडतोब छातीवर हात ठेवला.

"नमाज आधी, इनेन. दुनिया नंतर."

ती मशिदीपर्यंत त्याच्या मागोमाग गेली. समोर अमन सेनीचं घर, फाटकापासून तीस पावलं. त्याच्या अंगणात यंत्र ताडपत्रीखाली. हाजीची जीप फाटकाच्या आत उभी होती, सकाळपासून तिथंच होती. पुरुष पुढे गेले, बायका मागच्या दारानं. मध्ये हिरवा पडदा. पडद्यानं बैठक मोडत नाही, हे तिनं बापाकडून दोनदा ऐकलं होतं. हाजीची जागा पहिल्या रांगेत इमेमच्या बरोबर मागे, त्यानंच दिलेल्या गालिच्यावर. सगळ्या गावासमोर तिथून उठून जायला माणूस किती निर्लज्ज लागेल, असा विचार करत तिनं हात बांधले.

दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजाच्या दुसऱ्या फेरीत, तिचं कपाळ जमिनीला टेकलं होतं, तेव्हा जीप खोकली. तीनदा. मग धडधडली. तो आवाज गावातली तान्ही पोरंही ओळखत. पडद्यापलीकडे कुणीतरी घसा साफ केला. पण नमाज कुणी तोडली नाही, आणि तिनंही नाही. घराला आग लागली तर नमाज तोडावी, पोर विहिरीत पडलं तर तोडावी. कॉफीसाठी तोडावी असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. कपाळ टेकलेलं असताना तिला स्वच्छ कळलं की तो गेला. ते वेगळे झाले. सौद्याचं दुसरं निम्मं त्या क्षणी मेलं.

नमाज संपली. दुआला न थांबता ती बाहेर आली.

जीप लांब गेलीच नव्हती. यंत्र लादून न्यायला अमन सेनीच्या अंगणात लावलेली होती, आणि हाजी पायरीपाशी या पायावरून त्या पायावर होत होता. वर ओट्यावर, अंगणाकडे पाठ करून, अमन सेनी नमाज पढत होता. दम्यामुळे तो मशिदीत येत नसे आणि वाकून उठायला त्याला इतरांच्या तिप्पट वेळ लागे. हाजीच्या हातात नोटांचं पुडकं होतं. घाई कर म्हणावं, तर ऐकणारं तिथं कुणी नव्हतं.

पुरुष बाहेर पडले, बाराही बायका आल्या, अनन बेदा काठी आपटत आली. गावाला जिथं काही करायचं नसतं तिथं गाव हमखास हजर असतं. हाजीनं गर्दी बघितली आणि तोंडभर हसला.

"झालं, इनेन रुहदी! मध्ये पडदा आला, आपण वेगळे झालो. निम्मे दिलेत, निम्मा सौदा पक्का. उरलेला पडला. मी नाही म्हणत, तुमचा किताब म्हणतो."

बायकांचे चेहरे पडले. इनेन रुहदी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पडद्यानं मोडत नाही. विचारा इमेमना."

इमेम खालिदीनं आधी गालिचा देणाऱ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. पण एवढं खोटं त्यालाही जमलं नाही. "पडदा आल्यानं... तसं... मोडत नाही, असं आहे खरं," तो पुटपुटला.

हाजीनं तोंड उघडलं. आता त्याला दुसरं कारण सांगायचं होतं, आणि खरं कारण एकच होतं. ते त्याच्या ओठांवर यायच्या आत तिनं विचारलं, अगदी मऊ आवाजात, पोरींना सोपा प्रश्न विचारावा तसं:

"हाजी, तुम्ही सगळ्यांबरोबर जमातीत होतात ना? असरला?"

त्या अंगणातल्या एकूण एक माणसानं जीप ऐकली होती. आणि एकूण एक माणूस आता स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होता. एकजण जरी "होता कुठला?" म्हणाला असता तर काम तिथंच फिसकटलं असतं. या गावाच्या भित्रेपणावर इनेन रुहदीनं आयुष्यात पहिल्यांदा भरवसा ठेवला, आणि गावानं तिला दगा दिला नाही.

"होतो म्हणजे?" हाजी म्हणाला. चाळीस वर्षांची सवय बोलली. "पहिल्या रांगेत. इमेमच्या मागे. रोजच्या जागी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत! नमाज टाकून जाणारा वाटलो का मी?"

"नाही हो. मग नमाज संपल्यावर तुम्ही बाहेर आलात आणि मीही आले. पुढे तुम्ही, मागे मी, तीस पावलं. हे सगळे बघताहेत. यात आपण वेगळे कधी झालो? बैठक चालू आहे, आणि सकाळी सगळ्यांसमोर बोललात त्यातली उरलेली किंमत तुमच्या हातात आहे."

तेव्हा त्याला कळलं. उशिरा कळलं, आणि तो इमेमकडे वळला.

"इमेम, तुम्ही सांगा ना..."

पण काय सांगा, ते त्याला म्हणता येईना. इमेम खालिदीनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. "हाजी म्हणतात होते, तर होते," तो घाईघाईनं म्हणाला. "मी हाजींना खोटं कसं पाडू?" कुणालाही न दुखवण्याच्या आयुष्यभराच्या धडपडीत त्यानं त्या दिवशी आपल्या आश्रयदात्याचा गळा कापला. तो कापलाय हे त्याला बहुधा घरी जाऊन जेवताना कळलं असेल.

ओट्यावर अमन सेनीनं नमाज संपवली आणि खांबाला धरून तो वळला. "एवढे लोक कशाला? यंत्र कुणाला हवंय? लवकर बोला, मला धाप लागते."

हाजी पुडक्याकडे बघत राहिला. "नव्हतो" म्हटलं असतं तर यंत्र त्याचं होतं. तो एक शब्द होता. चार हज आणि एक गालिचा घशाखाली गिळावे लागले असते, एवढंच. ते त्याला गिळवले नाहीत. त्यानं पुडक्यातून उरलेल्या किमतीच्या नोटा मोजून तिच्या हातावर ठेवल्या, आणि ठेवता ठेवता वाकला. लोकांना वाटलं, दुआ मागतोय.

"माझी गाडी फार आवाज करते, इनेन," तो हळूच म्हणाला. "पडद्यापलीकडे ऐकू येते."

तिनं मान वर केली.

"ऐकलीत ना?" त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. ते डोळे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. "मग सौदा जिवंत नाही, हे मला माहीत आणि तुम्हालाही. मेलेल्या सौद्याचे पैसे घेताय. घ्या. मी सांगायचा नाही."

उपाय होता. तो तिच्याइतका कुणाला ठाऊक असणार? पैसे समोर ठेवून दोघांनी नव्यानं बोल बोलायचे, मी विकलं, मी घेतलं. दोन वाक्यं, आणि सगळं शुद्ध. पण ती दोन वाक्यं मागायची, तर पहिला सौदा मेला हे आधी कबूल करावं लागणार होतं. आणि मग 'नाही घेत' म्हणायला हाजी मोकळा होता. सूर्य तळ्यापलीकडच्या डोंगराकडे कलला होता. बारा बायका तिच्या हातांकडे बघत होत्या. त्यातल्या एकीनंही तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

तिनं त्या नोटा काळ्या गाठोड्यावर ठेवल्या आणि दोन्ही उचलून ओट्यावर नेऊन दिलं.

मागून हाजी बुस्तामी हसल्याचा आवाज आला. त्या हसण्यात साखर नव्हती. तिनं ऐकलेलं त्याचं ते पहिलंच खरं हसणं असेल. "मला वाटायचं, हे गावात मला एकट्यालाच जमतं," तो म्हणाला.

परतताना अनन बेदानं पान थुंकलं. मग म्हणाली, "कान गेलेत गं माझे. जीप-बीप काही ऐकू येत नाही हल्ली."

हंगामात बायकांचं यंत्र चाललं. बी वाळलं, शिक्क्याच्या डब्यानं मोजून पन्नास डबे ठरल्या दिवशी मशिदीच्या अंगणात पडले, एक दाणा कमी नाही. हाजीनं निमूट उचलले. डुलता डबा गोदामाच्या मागे पडून गंजला. त्या सौद्यानंतरच्या शुक्रवारपासून इनेन रुहदी किताब वाचते तेव्हा सलमच्या प्रकरणातली दोन पानं एकदम उलटतात. पोरींच्या ते लक्षात आलेलं नाही. त्या जांभया देतात आणि ती त्यांच्याकडे बघत बसत नाही.

रस्त्यात भेटला की हाजी बुस्तामी आता तिला आधी सलाम करतो. पूर्वी करत नसे. लोकांना वाटतं, बाईनं त्याला चांगलीच अद्दल घडवली. पण सलाम करताना तो किंचित हसतो, आपल्या धंद्यातल्या माणसाला बघून हसावं तसं, आणि क्षणभर थांबतो. सलामाचं उत्तर देणं भाग असतं, ते तिला चुकवता येत नाही. ती देते. देताना आवाजात पूर्वीची तुच्छता आणायचा प्रयत्न करते, आणि ती येत नाही.